बालू अस्वल मूळचे कोठले?

'जंगल बुक' हे नाव ज्याच्या कानावर आले नाही असा विद्यार्थी आज विरळाच. कोणी ती कथा पुस्तकात वाचली असेल, कोणी चित्रपटात पाहिली असेल, कोणी रंगीत चित्रकथेच्या पानांतून चाळली असेल. आणि १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी जी जपानी चित्रमालिका दाखविली जात असे, तिचे हिंदी शीर्षकगीत तर घरातील वडीलधारी मंडळी अजून गुणगुणतात. या कथेत मोगली, शेरखान आणि बघीरा यांच्या जोडीला एक लठ्ठ, झोपाळू परंतु मोठे मायाळू अस्वल आहे. त्याचे नाव बालू. लांडग्यांच्या पिल्लांना जंगलाचा कायदा शिकविणे हे त्याचे काम. म्हणजे जातीचा मास्तरच म्हणावयाचा. मूळ पुस्तकातील बालू शिष्याने धडा नीट पाठ केला नाही तर पंज्याचा प्रसादही देतो, आणि बघीराने त्याबद्दल त्याला चार शब्द सुनावले आहेत. चित्रकथेतील बालू मात्र गाणी गातो, नाचतो आणि आळसात दिवस घालवितो.

या मास्तरांच्या कुळाविषयी कथाप्रेमी मंडळींत फार दिवसांपासून एक वाद चालत आला आहे. बालू कोणत्या जातीचे अस्वल? हिमालयातील तपकिरी अस्वल, की मध्य भारताच्या रानांतील काळे, झिपरे अस्वल? एक पक्ष पुस्तकातील शब्दांवर बोट ठेवतो, दुसरा नकाशावर. तिसऱ्या पक्षाचे लोक दोघांनाही हसतात व म्हणतात की, बालू हा चित्रकाराच्या कुंचल्यातून जन्मला, त्याला जात कसली आणि गाव कसले!

पांढुर्णा व सौंसर भागातील वाचकांना या वादाकडे परक्याच्या भांडणासारखे पाहता येणार नाही. कथेतील रान शिवनीच्या टेकड्यांतील आहे आणि कथेतील नदी वैनगंगा आहे. शिवनी व छिंदवाडा हे शेजारी जिल्हे. आपले दोन्ही तालुके २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत छिंदवाडा जिल्ह्यातच होते. पेंचचे राष्ट्रीय उद्यान शिवनी व छिंदवाडा या दोन्ही जिल्ह्यांत पसरले असून त्याचा दक्षिणेकडील भाग महाराष्ट्रात, नागपूर जिल्ह्यात येतो. सौंसर तालुक्यातून वाहणारी कन्हान पुढे वैनगंगेसच जाऊन मिळते. तेव्हा पावसाळ्यात आपल्या नाल्यांतून धावणारे पाणी शेवटी मोगलीच्या नदीत जाते असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. अशा स्थितीत 'बालू आपलाच' असे म्हणण्याचा मोह आपल्यापैकी प्रत्येकास होणार. परंतु आपले म्हणावेसे वाटणे निराळे आणि आपले ठरणे निराळे. म्हणून आम्ही येथे दोन्ही बाजूंचे पुरावे एकदा नीट तपासून पाहण्याचे योजिले आहे.

प्रथम लेखकाविषयी थोडे. रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म मुंबईस ३० डिसेंबर १८६५ रोजी झाला. बालपणीच त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडास पाठविण्यात आले. १८८२ मध्ये ते परत आले, आणि १८८९ पर्यंत त्यांनी लाहोर व अलाहाबाद येथील वृत्तपत्रांत नोकरी केली. उन्हाळ्यात त्यांचे शिमल्यास जाणे होई. १८८७ मध्ये त्यांनी राजपुतान्याचा प्रवास केला व उदेपूर, चितोड ही स्थळे पाहिली. मात्र शिवनीस ते कधी राहिल्याचा पत्ता त्यांच्या चरित्रात लागत नाही. मोगलीच्या कथा त्यांनी लिहावयास घेतल्या त्या तर येथून हजारो कोस दूर, अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, ऐन बर्फाच्या दिवसांत. 'जंगल बुक' १८९४ मध्ये आणि त्याचा दुसरा भाग १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग न पाहिलेले रान त्यांनी रंगविले कसे? अभ्यासकांचे उत्तर असे की, पुस्तकांवरून. रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल या इंग्रज गृहस्थाने शिवनीच्या व सातपुड्याच्या रानांतील शिकारी व छावण्यांचे वर्णन करणारे एक पुस्तक १८७७ साली प्रसिद्ध केले होते, आणि १८८४ साली हिंदुस्थान व सिंहलद्वीपातील सस्तन प्राण्यांवर दुसरे. किपलिंग यांनी आपले पुष्कळसे साहित्य तेथून उचलले असे मानतात. शिवनी जिल्ह्यातील कान्हीवाडा हे गावही त्यांच्या कथेत येते. घरात बसून, दुसऱ्याचे पुस्तक उघडून, त्यांनी आपल्या शेजारचे रान सजविले. आणि ते इतके जिवंत उतरले की आज पेंचला येणारा प्रत्येक प्रवासी झाडांच्या आड मोगलीला शोधतो.

आता पहिल्या पक्षाचा मुख्य पुरावा. बालूची पहिली ओळख करून देताना किपलिंग यांनी त्याला झोपाळू 'ब्राउन बेअर' म्हटले आहे. प्राणिशास्त्रात या नावाची एक स्वतंत्र जात आहे. युरोप, उत्तर आशिया व उत्तर अमेरिका येथे ती पसरलेली असून भारतात ती केवळ हिमालयाच्या उंच पट्ट्यात आढळते: लडाख, काश्मीर, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड. तेव्हा, हा पक्ष म्हणतो, लेखकाने स्वतःच जात सांगितली असता वाद उरतो कोठे?

हा पुरावा दिसावयास भक्कम, परंतु त्यात एक फट आहे. इंग्रजीत 'ब्राउन बेअर' हे जसे एका जातीचे नाव आहे, तसेच ते नुसते 'तपकिरी रंगाचे अस्वल' असे साधे वर्णनही होऊ शकते. आपण 'काळा कुत्रा' म्हणतो तेव्हा कुत्र्याची जात सांगत नाही, रंग सांगतो. आपल्या रानातील अस्वलाचा रंग बहुधा काळा असतो हे खरे. परंतु काही अस्वलांच्या केसांवर तपकिरी, तांबूस झाक असते. विशेषतः उन्हात धुळीने माखलेले म्हातारे अस्वल निव्वळ काळे दिसेलच असे नाही, आणि बालू तर म्हातारा आहे. एका विशेषणाच्या आधाराने संपूर्ण प्राणी हिमालयात नेऊन ठेवणे आम्हांस धाडसाचे वाटते.

शिवाय किपलिंग वर्णनांत हात आखडता घेत नसत, याचा दाखला त्याच पुस्तकात आहे. का नावाचा अजगर त्यांनी तीस फूट लांबीचा कल्पिला आहे. आपल्या देशातील सामान्य अजगर इतका वाढत नाही. त्याच्या निम्म्या लांबीचे जनावर दिसले तरी गाव पाहावयास लोटते. जो लेखक अजगर एवढा लांबवितो, तो अस्वलाच्या रंगाबाबत शास्त्रज्ञाच्या काटेकोरपणाने लिहीत असेल असे धरून चालणे कठीण.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू, आणि त्यासाठी आपल्या रानातील अस्वलाची थोडी ओळख करून घेऊ. कारण चित्रातील अस्वल मुलांच्या जितके परिचयाचे झाले आहे, तितके खरे राहिलेले नाही. या प्राण्याचे केस लांब व विसकटलेले असतात, मानेभोवती तर आयाळीसारखे. छातीवर पांढुरक्या रंगाची खूण असते, इंग्रजी व्ही किंवा वाय अक्षरासारखी. नखे लांब, किंचित वाकडी व फिकट रंगाची. वाळवीची वारुळे व मुंग्यांची घरे हे त्याचे मुख्य भक्ष्य. त्यासाठी निसर्गाने त्याच्या तोंडाची रचनाच निराळी केली आहे: वरच्या जबड्यातील पुढचे मधले दोन दात त्यास नसतात, ओठ लांब व लवचिक असतात, आणि नाकपुड्या हवे तेव्हा मिटता येतात. नखांनी वारूळ फोडावयाचे, फुंकर मारून माती उडवावयाची, आणि मग दातांच्या त्या खिंडीतून वाळवी सपासप ओढून घ्यावयाची. हा फुसफुसाट रात्रीच्या शांततेत बऱ्याच अंतरावरून ऐकू येतो. वाळवीखेरीज मध, बोरे, जांभळे, टेंभुर्णीची फळे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गळणारी मोहफुले त्यास अत्यंत प्रिय. मादी आपली पिल्ले पाठीवर बसवून हिंडते. इतर जातींच्या अस्वलांत ही रीत अशी नित्याची नाही.

गंमत अशी की, या प्राण्याच्या स्वतःच्या मुळाविषयीही एके काळी मोठा घोटाळा झाला होता. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याची लांब नखे व नसलेले दात पाहून त्यास अस्वल मानलेच नाही. दक्षिण अमेरिकेतील झाडांना उलटे लोंबकळणाऱ्या 'स्लॉथ' नावाच्या मंद प्राण्याच्या घराण्यात त्याने त्यास ढकलले. पुढे चूक लक्षात येऊन प्राणी अस्वलांत परत आला, परंतु इंग्रजी नावात तो 'स्लॉथ' अजून चिकटून बसला आहे. आपल्याकडेही रामायणातील जांबवान अस्वल होता की वानर, यावर पंडितांनी चर्चा केली आहेच. अस्वलाच्या कुळाविषयी शंका घेण्याची परंपरा अशी जुनी आहे.

आता या खऱ्या अस्वलाशेजारी बालूला उभे करून पाहू. पुस्तकातील बालू कंदमुळे, कवचाची फळे आणि मध खातो. मध ठीक, मुळे ठीक; परंतु वारुळाचा तेथे उल्लेख नाही. ज्याने आपले अस्वल रानात एकदा तरी पाहिले असेल तो वारूळ विसरणार नाही. किपलिंग यांनी ते पाहून लिहिले नाही याची ही खूण आम्हांस वाटते. मौज म्हणजे, १९६७ सालच्या डिस्नेच्या चित्रपटात बालू जे प्रसिद्ध गाणे गातो त्यात दगडाखालच्या मुंग्यांची आठवण आली आहे. म्हणजे या एका बाबतीत अमेरिकेतील बोलपटाचे अस्वल मूळ पुस्तकातील अस्वलापेक्षा सातपुड्याच्या अधिक जवळ आले! रंगाने मात्र ते राखी-निळसर आहे, आणि तसल्या रंगाचे अस्वल पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नाही.

बालू हे नाव पाहिले तर ते सरळ हिंदी 'भालू'. संस्कृत 'भल्लूक' यापासून ते आले आहे. दुसरे हिंदी नाव 'रीछ' हे 'ऋक्ष' या शब्दापासून. किपलिंग यांनी नंतर आपल्या पात्रांच्या नावांविषयी एक टिपण लिहिले, त्यात बालूचा अर्थ हिंदुस्थानीत अस्वल असा दिला आहे. बघीरा हेही हिंदी नाव. का हे नाव त्यांनी सापाच्या फुत्कारावरून बनविले, आणि मोगली तर केवळ त्यांच्या मनातून निघालेले. (आमच्या भागातील लहान मुले मात्र बालूला 'बाळू' म्हणतात आणि तो मराठीच आहे असे खुशाल समजतात. नुसत्या नावावरून गाव ठरवावयाचे तर बालू येथल्या प्रत्येक आळीत सापडेल.) नावावरून प्रश्न सुटत नाही, हिमालयाच्या पायथ्याशीही भालू हाच शब्द चालतो.

खरा निर्णायक पुरावा आमच्या मते निराळ्याच ठिकाणी आहे. 'मोगलीचे भाऊ' या पहिल्या कथेच्या मूळ हस्तलिखितात किपलिंग यांनी ही घटना शिवनीस घातलेली नव्हती, ती मेवाडातील अरवलीच्या डोंगरांत घातली होती. शिवनीचे नाव नंतर आले. हे कळले म्हणजे पुस्तकातील काही कोडी आपोआप उलगडतात. बघीरा हा उदेपूरच्या राजवाड्यातील पिंजऱ्यात जन्मला असे कथेत आहे. शिवनीच्या बिबळ्याचा जन्म शेकडो मैल दूरच्या उदेपुरास का, याचे उत्तर या जुन्या आराखड्यात आहे. सबंध रान राजपुतान्यातून उचलून मध्य प्रांतात आणले गेले, आणि बघीराचा जन्मदाखला तेवढा जुन्या गावचा राहिला.

आमच्या भागातील काही मंडळींना ही गोष्ट रुचणार नाही, कारण हिच्यामुळे आपला हक्क निसटतो असे त्यांस वाटेल. कथा मुळात शिवनीची नव्हे, मग बालू तरी आपला कसा? परंतु थोडे थांबून विचार केला तर दिसेल की, याच गोष्टीने हिमालयवाद्यांचा पाया खचतो. अरवली घ्या किंवा सातपुडा घ्या. तपकिरी जातीचे अस्वल दोन्हीकडे नाही. आणि आपले काळे, झिपरे, वाळवीखाऊ अस्वल दोन्हीकडे आहे. अबूच्या पहाडावर ते आजही राहते. लेखकाने कथेचे स्थळ बदलले, तरी दोन्ही स्थळी अस्वलाची जात एकच निघते. तपकिरी अस्वल मानावयाचे तर किपलिंग यांनी दोनदा स्थळ निवडले आणि दोन्ही वेळा चुकले असे म्हणावे लागेल.

यावर हिमालय पक्ष म्हणेल की, कल्पित कथेत काहीही चालते. चालते, हे आम्हांसही मान्य आहे. आणि ते किती दूरवर जाऊ शकते हे पाहावयाचे असेल तर वानरांच्या राजाचे उदाहरण घ्यावे. किपलिंग यांच्या कथेत बंदरलोकांना राजाच नाही. त्यांना ना कायदा, ना पुढारी, हेच तर त्यांचे लक्षण. १९६७ च्या चित्रपटाने त्यांच्यावर किंग लुई नावाचा एक ओरांगउटान राजा म्हणून बसविला. ओरांगउटान बोर्निओ व सुमात्रा या बेटांवर राहतो, भारतात नव्हे. चित्रपटामागोमाग चित्रकथा निघाल्या, त्यांत हा राजा इतका रुळला की अनेकांना तो किपलिंग यांचाच वाटतो. २०१६ साली नवा चित्रपट आला तेव्हा निर्मात्यांना ही विसंगती खुपली, आणि त्यांनी लुईला लक्षावधी वर्षांपूर्वी नष्ट झालेला एक प्रचंड कपी बनवून टाकले. एक चूक झाकण्यासाठी दुसरी नवलकथा! मूळ पुस्तकात बंदरलोकांना राखी रंगाचे म्हटले आहे, त्यावरून आपले काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर डोळ्यांपुढे येते. संत्र्यांच्या बागा राखणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास वानर कोणते आणि लाल तोंडाचे माकड कोणते हे पुस्तकात पाहावे लागत नाही.

तेव्हा आमचा कौल असा. पुस्तकातील बालू हा जातीने आपल्याच रानातील अस्वल असावा. रंगाचा शब्द त्याच्या आड येत नाही, आणि स्थळ तर त्याच्या बाजूने साक्ष देते. स्वभावाने मात्र तो कोणत्याच रानचा नाही. शांत, विचारी, मुलांना जवळ घेणारा हा वृद्ध गुरू किपलिंग यांनी मनुष्यातून घेतला आहे. १९१६ मध्ये बेडन-पॉवेल यांनी लहान बालवीरांसाठी 'कब' शाखा काढली, तेव्हा अकेला, बालू, बघीरा ही नावे त्यांनी पथकाच्या नायकांस दिली, ती या मानवी गुणांमुळेच. चित्रकथेतील बालू तर त्या बालूचाही दूरचा पुतण्या.

जात आणि स्वभाव यांची ही फारकत जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांनी विसरून भागत नाही. मोहफुलांचा हंगाम फाल्गुन-चैत्रात येतो. छिंदवाडा, शिवनीच्या गावांतील बायामाणसे फुले वेचण्यासाठी तांबडे फुटण्यापूर्वीच टोपल्या घेऊन निघतात, आणि त्याच वेळी, त्याच झाडाखाली, रात्रभर चरलेले अस्वल मान खाली घालून फुले खात असते. त्याची दृष्टी अधू. खाण्यात गुंतले म्हणजे त्यास माणूस जवळ आल्याचे कळत नाही, आणि कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. दचकलेले अस्वल पळण्यापेक्षा अंगावर येणे पसंत करते. मागील पायांवर उभे राहून ते चेहरा व डोके यांवर नखे चालविते. मध्य भारतात वाघाहूनही अस्वलाच्या हल्ल्याची धास्ती अधिक वाटणारी गावे आहेत. म्हणून जाणती माणसे एकटी जात नाहीत, अंधारात जात नाहीत, वाटेने मोठ्याने बोलत जातात आणि पिल्लासह मादी दिसली तर आल्या पावली मागे फिरतात.

उलट बाजूने पाहिले तर माणसानेही या प्राण्यास कमी छळलेले नाही. नाकात वेसण घालून, डमरूच्या तालावर अस्वल नाचवीत गावोगाव फिरणारे दरवेशी आजोबांच्या पिढीने पाहिले आहेत. ती नाचणारी अस्वले बहुतांशी याच जातीची. पिल्लू आईपासून तोडून आणावयाचे, तापलेल्या सुईने नाक टोचावयाचे, आणि दोरीच्या वेदनेने त्यास पाय उचलावयास लावावयाचे, असा तो 'नाच' होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे प्राणी बाळगण्यास बंदी आली, तरी रस्त्यावरचा हा खेळ पूर्ण थांबण्यास २००९ साल उजाडावे लागले. दरवेशांना दुसरा धंदा मिळवून देऊन प्राणिमित्र संस्थांनी ती अस्वले सोडवून घेतली.

ज्यांना या वादाचा पुरावा आपल्या डोळ्यांनी पाहावयाचा असेल, त्यांनी पेंचच्या रानात वाटाड्यास मोहाचे किंवा मधाचे पोळे लागणारे एखादे उंच झाड दाखविण्यास सांगावे. खोडावर वरपर्यंत चढत गेलेले नखांचे ओरखडे असतात, समांतर आणि खोल. खालच्या धुळीत पावलाचा ठसा मिळाला तर बोटांच्या पुढे, चांगल्या अंतरावर, नखांची टोके उमटलेली दिसतात. जवळपास वारूळ असेल तर ते बहुधा फोडलेले असते.